मिस्त्रींची खोटी पट्टी

मला गोल काढायला मिस्त्रींनी शिकवलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं भरतकामाचं मशीन येईल, कॉम्प्युटर येईल, शाळेच्या मोठ्या बाई येतील, आणि त्या गर्दीत वाचणाऱ्याला वाटेल की सगळं मीच केलं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. एकटीच्यानं माझ्या हातून काय होणार होतं?

मिस्त्री म्हणजे कोल्हापुरातले आमचे घरमालक. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. गल्ली मिस्त्री म्हणायची, पोस्टमन मिस्त्री म्हणायचा, त्यांच्या पत्नी, आमच्या काकूसुद्धा "अवो मिस्त्री, भाकरी खाताय न्हवं?" असंच विचारायच्या. जन्मभर त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, बहुतेक पाण्याच्या पंपांच्या भागांचे. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करतात, वाळूत दाबून त्याची पोकळी उठवतात आणि त्या पोकळीत रस ओततात. तो लाकडाचा नमुना म्हणजे पॅटर्न. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी डोकं चालवायला नको, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेले असतात, पण ते बारापेक्षा केसभर जास्त भरतात.

ती पट्टी मिस्त्रींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात कायम असायची. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी असायची. पहिल्यांदा मला दाखवली तेव्हा म्हणाले, "ही खोटी पट्टी हाय, पावणं. हिच्यावर इस्वास ठेवा."

आम्ही आलो भंडाऱ्याकडून. आमच्या ह्यांना शिरोलीच्या एमआयडीसीत साचे भरण्याचं काम मिळालं होतं. एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि मी, एवढं सामान घेऊन आम्ही मिस्त्रींच्या दारात उभे राहिलो.

"कुठनं आलाय?"

"भंडारा, जी," हे म्हणाले.

"ते कुठं आलं?"

"नागपूरच्या पुढं."

"नागपूरच्या पुढं पण म्हाराष्ट्र हाय व्हय?" मिस्त्रींनी खरोखर विचारात पडून काकूंकडं पाहिलं. मग खोली दाखवली, भिंत बोटाच्या पेरानं टकटक वाजवून "पोकळ न्हाई" असं सांगितलं, आणि म्हणाले, "द्यायची का न्हाई ते उद्या. थंड झाल्यावर बोलू."

आतून काकू कडाडल्या, "आन् तवर त्या पोरीला काय रस्त्यावर थंड करताय व्हय?"

अशी आम्हाला खोली मिळाली.

'थंड झाल्यावर बोलू' हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. तापलेल्या ओतकामाला माप लावायचं नसतं, हा फाउंड्रीतला नियम त्यांनी जगण्यालाच लावला होता. चहा ते पार निवल्यावर प्यायचे. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं वाचायचे. "आजची बातमी आज लई मोठी दिसती. उद्या बघा, आकसून केवढीशी हुती." काकूंशी भांडण झालं की दोन बोटं वर करून "थंड झाल्यावर" एवढंच म्हणायचे. काकूंना भांडण गरमच लागायचं, त्यामुळं त्या आणखी तापायच्या आणि मिस्त्रींना आणखी थांबावं लागायचं. अशी दोन-दोन दिवस लांबलेली भांडणं मी पाहिली आहेत. शेवटी भांडण कशावरून होतं हे दोघांनाही आठवायचं नाही, आणि काकू मला विचारायला यायच्या.

मोरीचा दरवाजाही त्यांनी त्याच पट्टीनं मापून सुताराला माप सांगितलं होतं. सुतारानं साध्या टेपानं कापला. तो करंगळी जाईल एवढा अरुंद झाला. काकू त्या फटीत जुनं लुगडं खोचायच्या. पण पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो दरवाजा चौकटीत असा बसायचा की बाहेरून पाणी ओतलं तरी आत थेंब जाऊ नये. मिस्त्री श्रावणात पाहुण्यांना मुद्दाम मोरीपर्यंत नेऊन तो लावून दाखवायचे. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला मात्र ओसरीच्या पुढं नेत नसत.

पहिले काही महिने मला त्यांची भीती वाटायची. खरं तर मला सगळ्याचीच भीती वाटायची. 'का'ला 'काहून' म्हटलं की नळावरच्या बायका हसायच्या. मला वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. दुकानात लिहिलेली चिठ्ठी दाखवायची आणि गप्प राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मिस्त्री मात्र खिडकीशी येऊन मुद्दाम म्हणायचे, "पावणं, जरा काहून म्हणा की." मी म्हणायची. "बरं वाटतंय ऐकायला," असं म्हणून ते निघून जायचे. हसायचे नाहीत. हळूहळू नळावरही मी न भिता काहून म्हणायला लागले.

मग ह्यांच्या कारखान्यातली एक पाळी बंद झाली. हे आठवड्यातले दोन-तीन दिवसच कामावर जायला लागले. गावाकडून दिरांचे निरोप यायला लागले की भाताच्या गिरणीत जागा आहे, परत या. मी घरी ब्लाउज शिवत होते, पण तसे शिवणाऱ्या गल्लीत चौघी होत्या. त्याच सुमारास निपाणीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई मुलाकडं राहायला जाणार होत्या. त्यांचं भरतकामाचं मशीन त्यांनी आमच्या घरी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "महिनाभर चालवून बघ. जमलं तर ठेव, न्हाई तर परत दे."

मशीन म्हणजे जादू होती. चित्रांचं कार्ड घातलं, फ्रेममध्ये कापड ताणून बसवलं, बटण दाबलं की आपोआप चित्र भरायचं. पण त्या कार्डात होती बदकं. बदक, अस्वल, नाताळचं झाड, आणि टोपी घातलेलं आणखी एक बदक. मी हौसेनं उशीच्या अभ्र्यावर बदक भरलं, ह्यांच्या रुमालावर भरलं, काकूंच्या पिशवीवर भरलं. काकू ती पिशवी घेऊन मंडईत गेल्या तर भाजीवाल्यानं विचारलं, "मावशी, बदक किलोवर देता का नगावर?"

आपल्याला हवी ती चित्रं भरायची तर कॉम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे मला निपाणीच्या बाईंनी सांगितलं होतं. चित्र दाखवलं की ते स्वतःच त्याचे टाके पाडतं, असं त्यात असतं. आणि जवळच्या मुलींच्या शाळेला नव्या गणवेशाच्या खिशावर भरलेला बिल्ला हवा होता. गोल किनार, आत भरलेला निळा गोल, त्यावर समई. सव्वादोन इंच. नमुना पसंत पडला तर शाळेचं सगळं काम मिळणार होतं.

हे म्हणाले, "शाळा उघडायच्या आत हे काम मिळालं तर राहू. नाही तर मशीन परत करू आणि गावाकडं जाऊ."

ते चिडून बोलले नव्हते. म्हणूनच मला ते खरं वाटलं. मला परत जायचं नव्हतं. गाव वाईट नव्हतं. पण तिथं मी सातवीत शाळा सुटलेली पोरगी होते, आणि इथं माझ्या हाताखाली एक मशीन होतं जे मी म्हणेन तिथं सुई नेत होतं. बदकापर्यंत का होईना.

कॉम्प्युटर मिस्त्रींच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत होता. मुलगा मस्कतला गेला तेव्हा ठेवून गेला होता, आणि काकूंनी त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालून वर गणपती बसवला होता. मी भीत भीत विचारलं. मिस्त्री म्हणाले, "थंड झाल्यावर बोलू." मी मान खाली घालून वळले तर मागून आवाज आला, "अवो, कॉम्प्युटर वरीसभर थंडच हाय की! या, लावा." गणपती कपाटावर गेला.

आता सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि मिस्त्रींनी ते काम अंगावर घेतलं. मी विचारलं, "काका, तुम्हाला यातलं कळतं का जी?"

"मला काय कळायचंय? पण तुमाला नमुना करून एका जाग्यावरनं दुसऱ्या जाग्यावर न्यायचाय. जाताना त्याचं माप बिघडणार. जलमभर मी दुसरं काय केलंय?"

पहिला आला तो पुण्याचा विक्रेता. टाय लावलेला, हसरा, बोलायला मिठ्ठास. त्यानं गुलाबाचा फोटो दाखवला, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर गुलाबाचे टाके उमटले. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. मिस्त्रींनी कॉम्प्युटरचा पडदा पेरानं वाजवून पाहिला.

"गोल काढा," ते म्हणाले.

"काका, गोल काय, मोर काढून दाखवतो."

"मोराला कोण माप लावतंय? वाकडा निघाला तर मोर मान वळवून बघालाय म्हणता येतंय. गोल काढा."

त्यानं गोल काढला. मशीनवर भरून झाला. फ्रेममध्ये ताणलेला होता तोवर चंद्रासारखा दिसत होता. विक्रेत्यानं विजयी नजरेनं पाहिलं. मिस्त्रींनी कापड फ्रेममधून काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले.

"आता काय?"

"थंड हुं दे."

"काका, कापड आहे हे. ते कुठं तापतंय?"

"सुई तापली हुती की. चहा घ्या."

पाव तासानं त्यांनी पट्टी लावली. ताणातून सुटलेलं कापड आवळलं होतं. निळा गोल दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला होता आणि किनारीशी त्याची फारकत झाली होती. डावीकडं आणि उजवीकडं मधून पांढरं कापड दिसत होतं.

"हे अंडं हाय," मिस्त्री म्हणाले. "उभं अंडं. गोल न्हवं." विक्रेता आठवडाभर वापरून बघायला सॉफ्टवेअर ठेवून गेला.

दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे एका ओळखीच्यानं आणून दिलेली सीडी. कुठून आणली हे विचारू नका, म्हणाला. त्यातूनही अंडंच निघालं. मिस्त्रींनी ती अंड्यामुळं नाही, वेगळ्याच कारणानं परत केली. "उद्या हे बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? ज्याला शिवी देता येत न्हाई त्याच्याकडनं वस्तू घेऊ नये."

तिसरं बेंगळुरूच्या एका दुकानाचं होतं, महिनाभर फुकट वापरून बघायचं. दिसायला करडं, कळकट, पडद्यावर नुसत्या खाचाखोचा आणि आकडे. मला बघूनच धडकी भरली. इंग्रजी अक्षरं मी बोट ठेवून वाचायची, आणि इथं तर एकेका बटणात चार बटणं होती. दुकानात फोन करायचा ठरला. मिस्त्री गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे. फोनवर पाव तास "हौद री, हौद री" चाललं. मधे दोनदा मोठ्यानं हसले. फोन ठेवून म्हणाले, "माणूस चांगला हाय. माझ्या मामाच्या गावाशेजारचा निघाला."

"आणि सॉफ्टवेअर?"

मिस्त्रींनी पुन्हा फोनकडं पाहिलं. "ते इचारायचं राह्यलं."

त्यातूनही गोल काढला. अंडं.

तिन्ही अंडी टेबलावर मांडून मिस्त्री दिवसभर बसले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सगळं नीट थंड झाल्यावर, त्यांनी निकाल दिला. "तिन्ही सारखीच हायत. आकसायचं ते आकसणारच. मग पुण्याचंच घ्या, दिसायला तरी बरं हाय. आकसायचं जादा माप आपण घालू." त्यांनी पट्टीनं मापलं, गोल किती कमी पडतोय ते पाहिलं, आणि मला सांगितलं, तेवढं सगळं चित्र चारी बाजूंनी वाढवा. पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो, कागद करून टाकू.

शाळेत नमुना न्यायचाही तोच परवाचा दिवस होता.

मी सांगितल्याप्रमाणं चित्र वाढवलं आणि गणवेशाच्या खऱ्या खिशावर भरलं. फ्रेममधून काढलं. ते अंडंच होतं. फक्त आता मोठं अंडं होतं, आणि वरून-खालून खिशाच्या शिवणीवर चढलं होतं.

मिस्त्रींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. पट्टी लावली. पट्टीकडंच बघत राहिले. मग उठून माडीवर गेले. त्या संध्याकाळी ते खिडकीशी आले नाहीत. काकू म्हणाल्या, "जेवले न्हाईत. पट्टी हातात घेऊन बसल्यात, जशी काय तिला नजर लागलीया."

मी खिसा घेऊन आमच्या खोलीत बसले. हे बाहेर पेटीचं कुलूप तेल घालून सैल करत होते. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

त्या अंड्याकडं बघता बघता माझ्या लक्षात आलं की निळे टाके सगळे आडवे आहेत. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. आणि कापड आवळलंय तेही फक्त आडवं. उभं तर उलट थोडं फुगलंय. हे मी आयुष्यात हजार वेळा पाहिलं होतं. परकराला चुण्या घालताना दोरा ओढला की कापड दोऱ्याच्याच दिशेनं गोळा होतं, उंचीला काही होत नाही. लोखंड चारी बाजूंनी आकसत असेल. कापड दोऱ्याच्या बाजूनंच आकसतं.

पण हे मिस्त्रींना सांगायचं कुणी? ज्या माणसाच्या मापानं एवढे पंप फिरले, त्याला मी सांगणार की तुमचं चुकलं? मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी काकूंना मोरीशी गाठून हळू आवाजात सांगितलं, आणि म्हटलं, तुम्हीच सांगा जी, रागावतील.

काकूंना हळू बोलणं माहीत नव्हतं. तिथूनच त्यांनी वर बघून आरोळी दिली, "अवो मिस्त्री! पावणी म्हणतीया, तुमचं चुकलंय! कापड एकाच बाजूनं आकसतंय म्हणं!"

मी मोरीच्या दाराआड सरकले. वरून मिस्त्रींचा आवाज आला, "थंड झाल्यावर बोलू."

संपलं, मला वाटलं. थंड होईस्तोवर शाळा उघडेल. मी खोलीत येऊन कार्ड डबीत घातलं. निपाणीला परत द्यायचं तर सगळं नीट ठेवायला हवं होतं.

डबीचं झाकण लावते न लावते तोच दारावर थाप पडली. मिस्त्री. हातात चहाचा कप, त्यातून वाफ निघत होती, आणि त्यातला निम्मा चहा जिना उतरताना बशीत आला होता.

"आत्ताच बोलू," ते म्हणाले. आणि तो कढत चहा त्यांनी माझ्यासमोर एका घोटात प्यायला. जीभ पोळली तरी थांबले नाहीत. "चाळीस वर्सं मी लोखंडाचं ऐकत आलो. कापडाचं ऐकलंच न्हाई की वो! चला, कुठल्या बाजूनं म्हणता?"

आम्ही पुन्हा तिन्ही अंडी काढली. तिन्हींमध्ये टाके आडवे, आणि तिन्ही अंडी उभी. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "कापड बेरकी हाय, पावणं. एकीकडनं आत घेतंय, दुसरीकडनं पोट काढतंय."

मग खरी निवड झाली. पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी गोल फक्त रुंदीला वाढवायला गेले, तर समईही लठ्ठ झाली आणि किनारही लांबोडकी. एका बटणात सगळं तयार होत होतं खरं, पण तयार झालेलं सगळं एकच ढेकूळ होतं. नुसत्या गोलाला हात लावता येईना. मग ते करडं, कळकट बेंगळुरूवालं उघडलं. तेही टाके आपोआपच पाडत होतं, पण पाडल्यावर एकेक तुकडा सुटा धरू देत होतं. किनार वेगळी, समई वेगळी, निळा गोल वेगळा. गोलावर बोट ठेवून मी फक्त त्याला रुंदीत जरा वाढवलं, उंचीत केसभर कमी केलं. पडद्यावर ते आडवं अंडं दिसायला लागलं.

"पडद्यावर अंडं," मिस्त्री खूश होऊन म्हणाले, "म्हंजे कापडावर गोल. हाच माझा धंदा हुता की!" आणि पडद्याला टकटक करून म्हणाले, "हे घ्या. हे ऐकतंय. ते दुसरं सोताच लई शहाणं हाय."

आकडे किती घालायचे हे जमायला दुसरा पूर्ण दिवस गेला. खिशाच्या कापडाचे तुकडे संपले, मग ह्यांच्या जुन्या पँटचे संपले. पेटीचं कुलूप सोडून हेसुद्धा फ्रेम ताणायला येऊन बसले. संध्याकाळी एक गोल असा निघाला की मिस्त्री पट्टी लावायला वाकले आणि तसेच थांबले. कुठल्या पट्टीनं मापायचं? त्यांच्या हातात होती ती खोटी. खरी पट्टी त्या घरात नव्हतीच, आणि माझा शिवणाचा टेप ओढून ओढून लांबलेला.

"सरका," काकू म्हणाल्या. त्यांनी कपाटातून बांगड्यांचा डबा आणला, त्यातली एक सव्वादोनची काचेची बांगडी काढली आणि बिल्ल्यावर ठेवली. बांगडी किनारीवर अशी बसली की कुठून कापड दिसेना, कुठून दोरा बाहेर येईना.

"झालं की," काकू म्हणाल्या. "एवढ्यासाठी आठ दिस माझ्या सोप्यात राडा केला व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुण्याचा विक्रेता आला, त्याला चहा देऊन हात जोडले. मिस्त्री लग्नातला कोट घालून माझ्याबरोबर शाळेत आले. मोठ्या बाईंनी खिसा हातात घेतला, चष्म्यातून पाहिला आणि मला विचारलं, "तुमचं शिक्षण कितवीपर्यंत?"

शाळेच्या आत, मोठ्या बाईंच्या टेबलासमोर, मी सातवीनंतर पहिल्यांदाच उभी होते. "सातवी, जी."

"आन् माझं चौथी," मिस्त्री मधेच म्हणाले. "दोघांचं मिळून अकरावी झालं. तुमी गोल बघा बाई."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता चांगला दिसतोय. पण हा गणवेश आहे. चार वेळा धुऊन, वाळवून बघते आणि मग सांगते."

बाहेर आल्यावर मी रडवेली झाले होते, आणि मिस्त्री मात्र रस्त्याच्या मधोमध थांबून आनंदानं म्हणाले, "बाई आपल्यातली हाय! थंड करून बघणार!"

बाईंचा निरोप यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मिस्त्रींनी रोज अंगणात तसाच एक बिल्ला धुऊन दोरीवर घातला आणि वाळला की बांगडी लावून पाहिली. ज्या दिवशी शाळेचा शिपाई कापडाचं गाठोडं घेऊन गल्लीत शिरला, त्या दिवशी मिस्त्रींनी त्याला आधी मोरीपर्यंत नेऊन दरवाजा दाखवला. उन्हाळा होता, फट होती, तरीही.

पेटी पुन्हा कॉटखाली गेली. निपाणीच्या बाईंना मी निरोप पाठवला की मशीन राहतंय.

काही दिवसांनी मिस्त्रींनी मला एक वस्तू आणून दिली. सागवानी गुण्या, सुतार काटकोन बघायला वापरतात तसा, तळहाताएवढा. आडव्या दांडीवर इंच जरा मोठे कोरले होते, उभ्या दांडीवर केसभर लहान. "लोखंडाला चारी बाजूंनी खोटं बोलावं लागतंय," म्हणाले. "कापडाला दोन्हीकडनं वेगवेगळं. ही तुमची पट्टी." मी उलटा करून पाहिला, कुठं नाव आहे का. नव्हतं.

"पॅटर्नवर नाव घालत न्हाईत," ते म्हणाले. "ओतकाम झालं की पॅटर्न फळीवर जातोय. पंप फिरतोय, त्याला कोण इचारतंय?" ते दुःखानं बोलत नव्हते. धंद्याची रीत सांगत होते, जसं पावसात दार फुगतं तसं.

त्यानंतर माझी मशीनं वाढली, खोलीच्या दोन खोल्या झाल्या. तालमींची नावं भरली, दूधसंघाचे शर्ट भरले, एका लग्नात आहेराच्या टोप्यांवर हौसेनं बदकंसुद्धा भरली. सॉफ्टवेअरही दोनदा नवं आलं. दर वेळी विक्रेता मोर दाखवतो आणि मी म्हणते, गोल काढा. मग कापड टेबलावर ठेवून चहा मागवते. विक्रेता माझ्याकडं बघत राहतो.

आता मिस्त्रींचा हात कापतो. पट्टी अजून खिशात आहे. मध्यंतरी 'माझ्याकडनं काहीतरी मागा' म्हणून मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "मलमलीवर गोल काढून दावा. मागं कागद न लावता. धुतल्यावर बांगडीत बसला पाहिजे." हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मलमल म्हणजे फुंकरीनं हलणारं कापड. मागं आधाराचा कागद लावल्याशिवाय त्यावर गोल निघत नाही. मी आजवर अठरा रुमाल फुकट घालवले आहेत. अठराही अंडी. काकू म्हणतात, आता कोंबड्याच पाळ.

पण मी तो गोल काढणार आहे. टाके कुठल्या बाजूनं टाकायचे, हे कापड अजून मला पुरतं सांगत नाहीय; सांगेल. आणि ज्या दिवशी निघेल त्या दिवशी आत कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचं नाव भरीन, पाटीवरचं, जे कुणी घेत नाही ते. धुऊन बघायचं ते त्यांनी त्यांच्या हातानं बघावं. मी मात्र थंड व्हायची वाट बघणार नाही. सुई तापलेली असतानाच रुमाल फ्रेमसकट घेऊन जिना चढीन.